वॉलेटची फाइल आणि तिचे शेजारी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छपाईसाठी संपादित केलेला मजकूर)

१३ जून २०११. बिटकॉइनच्या अगदी सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एकाच्या संगणकावरून २५,००० बिटकॉइन एकाच व्यवहारात निघून गेले. त्या सुमारास एका बिटकॉइनचा भाव वीस डॉलरच्या आसपास होता, म्हणजे ऐवज साधारण पाच लाख डॉलरचा. गंमत अशी, की चोरी उघड्यावर झाली. बिटकॉइनची खातेवही सार्वजनिक असते. कुठल्या पत्त्यावरून किती रक्कम कुठे गेली, हे कोणालाही वाचता येते. आपले पैसे कुठे जाऊन बसले आहेत, हे त्या माणसालाही दिसत होते. थांबवायला मात्र कोणाला सांगणार? ना बँक, ना शाखाधिकारी, ना चेक रोखण्याचा अर्ज.

तीनच दिवसांनी सिमँटेक या सुरक्षा कंपनीने एका नव्या ट्रोजनची, म्हणजे सोंग घेऊन आत शिरणाऱ्या मालवेअरची, माहिती प्रसिद्ध केली. नाव ‘इन्फोस्टीलर.कॉइनबिट’. वरची चोरी यानेच केली असे काही सिद्ध झालेले नाही; पण असल्या चोरीला किती कमी कौशल्य पुरत होते, ते याच्या कामावरून कळते. विंडोज संगणकावर ‘वॉलेट डॉट डॅट’ नावाची फाइल शोधायची आणि ती ई-मेलने चोराकडे पाठवून द्यायची. बस्स. गणित सोडवायचे नाही, ऑपरेटिंग सिस्टीममधली एखादी गुप्त त्रुटी हुडकायची नाही. फाइल कुठे असते हे जगजाहीर होते, कारण बिटकॉइनचा प्रोग्राम ती ठरलेल्या फोल्डरमध्येच ठेवत असे.

त्या फाइलमध्ये नाणी नसतात. असतात त्या खासगी किल्ल्या: प्रत्येक किल्ली म्हणजे २५६ बिटांची, म्हणजेच ३२ बाइटांची एक संख्या. ती ज्याला ठाऊक, त्याचे पैसे. जगातले सगळे संगणक जुंपले तरी अशी संख्या अंदाजाने सापडणार नाही, इतक्या अफाट आकड्यांतून तिची निवड झालेली असते. आणि हीच संख्या त्या काळी बर्कली डीबी या साध्या डेटाबेसच्या फाइलीत, कोणत्याही पासवर्डाशिवाय पडून असे. बिटकॉइनचे गणित तेव्हाही शाबूत होते आणि आजही आहे. मोडली ती दुसरीच गोष्ट, आणि ती बिटकॉइनपेक्षा चाळीस वर्षांनी जुनी आहे. एका माणसाच्या संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला त्याच माणसाच्या दुसऱ्या प्रोग्रामची फाइल वाचता का यावी, हा या व्याख्यानाचा प्रश्न.

बिटकॉइनच्या विकासकांनी आधी केला तो सरळ उपाय: फाइलला पासवर्ड. सप्टेंबर २०११ मध्ये ०.४.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात किल्ल्या एईएस-२५६ या पद्धतीने कूटबद्ध करण्याची सोय झाली. पासवर्डावरून कूटलेखनाची किल्ली काढताना तेच गणित किमान २५,००० वेळा फिरवले जाई, म्हणजे पासवर्डाचा अंदाज बांधत बसणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाची किंमत मोजावी लागावी. उपाय चांगलाच होता. पण त्यात एक बारीक घोटाळा निघाला. डेटाबेसमधली नोंद ‘खोडली’ म्हणजे ती खरोखर पुसली जात नसे. तिच्यावर फक्त खोडल्याची खूण होई. त्यामुळे लोकांनी हौसेने पासवर्ड लावला तरी जुन्या, उघड्या किल्ल्या त्याच फाइलीच्या पोटात राहू शकत होत्या. डेटाबेसला वळसा घालून कच्ची फाइल वाचणाऱ्याला त्या मिळाल्या असत्या. ०.४.१ आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली.

घोटाळा बाजूला ठेवला तरी पासवर्डाची मर्यादा उरतेच. पैसे खर्च करायचे त्या क्षणी पासवर्ड टाइप करावा लागतो, आणि ज्या मालवेअरला फाइल वाचता येते त्याला बहुधा कळफलकही ऐकता येतो. मग तो फाइल आज उचलतो आणि पासवर्डाची वाट पाहत बसतो. त्याला घाई नसते.

हे असे का आहे, ते समजायला १९६९ सालच्या बेल लॅब्जमध्ये जावे लागते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतली तेव्हा संगणक ही महागडी, अनेकांनी वाटून वापरायची वस्तू होती. एकाच यंत्रावर दहा जणांचे काम. धोका होता तो दुसऱ्या माणसाचा: त्याने आपली फाइल वाचू नये, चुकून पुसू नये. म्हणून प्रत्येक फाइलीला एक मालक ठरला, आणि मालकाने काय करावे, गटाने काय करावे, इतरांनी काय करावे याच्या वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन-तीन परवानग्या ठरल्या. या रचनेत प्रोग्रामला स्वतःची ओळख नाही. तो ज्या माणसाने सुरू केला त्याच्या नावाने चालतो आणि त्या माणसाला जे जे करता येते ते सगळे त्याला करता येते. प्रोग्राम एकतर स्वतः लिहिलेला असे किंवा ओळखीच्या कोणी लिहिलेला, तेव्हा हे ठीकच होते. पुढे विंडोजने घरोघरी आणलेली परवानग्यांची पद्धत तपशिलात वेगळी असली तरी गृहीतक तेच राहिले.

दरम्यान यंत्राचा वापर पार उलटा झाला. एका यंत्रावर दहा माणसे राहिली नाहीत. एका माणसाच्या यंत्रावर शंभर अनोळखी प्रोग्राम आले. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा भक्कम असावा, त्याला अडसर असावा, पण आत एकाही खोलीला कडी नसावी, तशी ही घरच्या संगणकाची बांधणी. बाहेरच्याला आत येणे अवघड. पण एकदा आत आलेला पाहुणा आणि घरमालक यांत फरक करणारे आत कोणी नाही. फुकटचा गेम, फोटो सुंदर करणारे साधन, चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा ‘क्रॅक’, यांपैकी प्रत्येकाला वॉलेटची फाइल वाचण्याचा तितकाच अधिकार असतो जितका वॉलेटला.

हा दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. १९७५ साली एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध लिहिला. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरता, किमान अधिकार असावा, हे तत्त्व त्यात स्वच्छ मांडलेले आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते आजही शिकवतात. परीक्षेत पाच गुणांना येते आणि विद्यार्थी ज्या लॅपटॉपवर त्याच्या नोट्स काढतात तो लॅपटॉप ते पाळत नाही.

नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली लिहिलेला एक छोटा लेख याहून मजेशीर आहे. टाइमशेअर नावाच्या कंपनीत संगणकाचा वेळ भाड्याने मिळे. तिथल्या फोरट्रान कंपायलरला आकडेवारी लिहून ठेवण्यासाठी स्वतःच्या डिरेक्टरीत लिहिण्याची खास परवानगी होती. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. कंपायलर वापरणाऱ्याने माहिती कुठल्या फाइलीत लिहून हवी ते सांगायचे असे. एकाने नेमके बिलांच्या फाइलीचे नाव दिले. कंपायलरने आज्ञाधारकपणे बिलांवरच लिहिले आणि कंपनीच्या बिलांच्या नोंदी गेल्या. त्या ग्राहकाला ती फाइल लिहिण्याचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता. आणि आपण कोणाच्या अधिकाराने लिहीत आहोत हे कंपायलरला कळण्याची सोय नव्हती. हार्डींनी याला ‘गोंधळलेला मुनीम’ अशा अर्थाचे नाव दिले. वॉलेट बांधणाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा. प्रोग्रामला खासगी जागा दिली आणि तो दुसऱ्याने सांगितलेल्या कोणत्याही नावाची फाइल त्या जागेतून उचलून देऊ लागला, तर जागा खासगी राहत नाही.

मग प्रत्येक प्रोग्रामला खासगी साठवण द्यायची म्हणजे नेमके काय करायचे? आधी प्रोग्रामला ओळख हवी. ‘हे काम अमुक माणसाचे’ एवढ्याने भागत नाही. ‘अमुक माणसाच्या वतीने तमुक प्रोग्रामचे’ असे ऑपरेटिंग सिस्टीमला म्हणता आले पाहिजे. ही ओळख फाइलीच्या नावावरून ठरवून चालत नाही, कारण नाव कोणीही घेईल. ती ठरते विकासकाच्या डिजिटल सहीवरून. मग प्रोग्राम बसवताना त्याच्यापुरती एक जागा तयार करायची आणि तिथली प्रत्येक मागणी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने तपासायची. सही जुळली तर फाइल उघडेल, नाही तर मागणारा त्याच माणसाच्या नावाने चालत असला तरी नकार. शेवटची गरज म्हणजे माणसाला मुद्दाम एखादी फाइल एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे देता यावी. ‘उघडा’ म्हटल्यावर जी फाइल निवडायची खिडकी येते, ती प्रोग्रामची न ठेवता सिस्टीमची ठेवायची. माणूस त्या खिडकीत बोट ठेवेल ती एकच फाइल प्रोग्रामच्या हाती पडते. बाकीचे फोल्डर त्याला दिसतही नाहीत. निवड हीच परवानगी, वेगळा प्रश्न विचारायला नको.

या विचाराची एक सुंदर आखणी २००७ साली झाली, आणि तिचा महाराष्ट्राशी एक धागा आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाने गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवला. भारतातला त्याचा सुरुवातीचा प्रयोग त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला. या लॅपटॉपच्या संरक्षणाची आखणी इव्हान क्रस्टिच या तरुण अभियंत्याने केली आणि तिला ‘बिटफ्रॉस्ट’ हे नाव दिले. त्यांच्यापुढची अट विलक्षण होती. वापरणारे मूल सहा वर्षांचे असू शकते, त्याला वाचताही येत नसेल. म्हणजे ‘हा प्रोग्राम धोकादायक असू शकतो, पुढे जाऊ का?’ असली पाटी दाखवून जबाबदारी झटकायची सोय नाही. मग उरतो एकच मार्ग: प्रत्येक प्रोग्रामला मुळातच इतरांपासून वेगळा ठेवायचा, म्हणजे वाईट प्रोग्राम आला तरी त्याला उचलण्यासारखे काही हाती लागणार नाही. बिटफ्रॉस्ट कागदावर होते तितके सगळे प्रत्यक्षात उतरले नाही. पण क्रस्टिच २००९ मध्ये ॲपलमध्ये गेले, आणि पुढच्या काही वर्षांत मॅकवर जे घडले ते या विचाराला धरूनच होते.

प्रस्तुत वक्त्याला बिटफ्रॉस्टची ती अट आजही सर्वांत महत्त्वाची वाटते. सुरक्षेवरची बहुतेक व्याख्याने ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ या उपदेशाने संपतात. वाचता न येणाऱ्या मुलाला हा उपदेश देता येत नाही म्हणून अभियंत्यांना खरे काम करावे लागले. मोठ्यांना तो देता येतो, म्हणून ते काम वर्षानुवर्षे टळले.

फोनवर मात्र हे काम जवळजवळ गाजावाजा न होता झाले. २००८ साली आलेल्या अँड्रॉइडने एक चलाखी केली. खाली लिनक्स, म्हणजे युनिक्सचाच संसार. तिथे माणसामाणसांत भिंत आहे, प्रोग्रामांत नाही. अँड्रॉइडने प्रत्येक ॲपलाच वेगळा ‘वापरकर्ता’ मानले. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक, १०,००० पासून पुढे, आणि प्रत्येकाला स्वतःचा डेटा फोल्डर. चाळीस वर्षे आधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला रोखण्यासाठी केलेली भिंत आता एका खिशातल्या ॲपांमध्ये उभी राहिली. आयफोनवरही २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडल्यापासून प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंद असते. फोनवरचा कुठलाही टॉर्च किंवा पत्त्यांचा खेळ वॉलेटची फाइल सरळ वाचू शकत नाही, त्याचे कारण एवढेच.

अँड्रॉइडच्या भिंतीला एक भगदाड होते: मेमरी कार्डाची सामायिक जागा. साठवणुकीची सरसकट परवानगी मिळालेल्या ॲपला तिथले सगळे वाचता येई. वॉलेटचा बॅकअप कोणी तिथे ठेवला, की संपले. अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये, म्हणजे २०१९ आणि २०२० साली, हे भगदाड बरेचसे बुजवले गेले.

पण ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरच्याच बिटकॉइन वॉलेटांतून पैसे गेले, आणि तेही एकही फाइल न वाचता. व्यवहारावर सही करताना दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या लागते. अँड्रॉइडची यादृच्छिक संख्या देणारी यंत्रणा सदोष होती. कधी कधी तीच संख्या पुन्हा येई. एकाच किल्लीने केलेल्या दोन सह्यांत ती संख्या सारखी निघाली, तर त्या सह्यांवरून खासगी किल्ली साध्या बीजगणिताने काढता येते. आणि सह्या तर सार्वजनिक खातेवहीत कायमच्या छापलेल्या. भिंती जागच्या जागी होत्या, किल्ली समोरच्या अंगणात गणित करून मिळाली. वॉलेटच्या विकासकांनी घाईने दुरुस्त्या काढल्या आणि लोकांना नव्या किल्ल्या तयार करून पैसे तिकडे हलवायला सांगितले.

संगणकाची गोष्ट मात्र रखडत गेली. मॅकवर २०११ मध्ये ॲप सँडबॉक्स, म्हणजे प्रत्येक ॲपचा बंद कप्पा, आला आणि जून २०१२ पासून मॅक ॲप स्टोअरमध्ये यायचे तर तो सक्तीचा झाला. पण स्टोअरबाहेरून प्रोग्राम उतरवायची मोकळीक राहिली, आणि बहुतेक डेस्कटॉप वॉलेट बाहेरूनच येतात. ती आपल्या फाइली सँडबॉक्सच्या कप्प्यात न ठेवता सर्वांना ठाऊक असलेल्या सामायिक फोल्डरात ठेवतात. २०२३ मध्ये आलेल्या मॅकओएस सोनोमाने एक पाऊल पुढे टाकले: एक प्रोग्राम दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावू लागला तर माणसाला विचारले जाते. कप्पाच न वापरणाऱ्या वॉलेटला त्याचा काय फायदा? त्याच वर्षी ‘ॲटॉमिक’ नावाचे मॅकवरचे चोरसाधन टेलिग्रामवर महिना १,००० डॉलर भाड्याने विकले जात होते. ते एक खोटी खिडकी दाखवून मॅकचा पासवर्ड मागते आणि इलेक्ट्रम, एक्सोडस यांसारख्या वॉलेटांचे फोल्डर उचलते. फोल्डरांची यादी त्यात आधीच लिहिलेली असते. २०११ च्या कॉइनबिटचे हे वंशज. बारा वर्षांत फरक पडला तो यादीच्या लांबीत.

विंडोजवर २०१२ पासून ॲपकंटेनर आहे. त्यात बंद असलेले ॲप बाहेर हात घालू शकत नाही. उलट दिशा मात्र मोकळी आहे: त्याच माणसाच्या नावाने चालणारा साधा, जुन्या पद्धतीचा प्रोग्राम त्या बंद ॲपच्या फाइली बिनदिक्कत वाचतो. वॉलेटला नेमकी हीच दिशा बंद हवी होती. विंडोज १० मध्ये २०१७ साली ‘नियंत्रित फोल्डर’ची सोय आली, पण ती खंडणीखोर मालवेअरसाठी: फाइली बदलण्यापासून वाचवते, वाचण्यापासून नाही. चोराला तर फक्त वाचायचेच असते.

या सगळ्यात अलीकडची लक्षात घेण्यासारखी घटना ब्राउझरमध्ये घडली. आज अनेकांची वॉलेट वेगळ्या प्रोग्रामात नसून ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये असतात. मेटामास्क हे त्यांतले सर्वांत परिचित. ब्राउझर कुकी आणि पासवर्ड कूटबद्ध करून ठेवतो, पण विंडोजवर त्यासाठी वापरली जाणारी जुनी यंत्रणा माणूस ओळखते, प्रोग्राम ओळखत नाही. चोर त्याच माणसाच्या नावाने मागतो आणि सिस्टीम त्याला उलगडून देते. जुलै २०२४ मध्ये गूगलने क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीपासून ‘ॲपशी बांधलेले’ कूटलेखन सुरू केले, सुरुवातीला कुकींसाठी. उलगडून देणारी सेवा आता वरच्या अधिकाराने चालते आणि मागणारा खरोखर क्रोमच आहे का, हे तपासते. काही आठवड्यांतच चोरसाधनांच्या विक्रेत्यांनी ‘आम्ही हेही ओलांडतो’ अशा जाहिराती केल्या. त्यात तथ्य होते. तरीही ही भिंत वाया गेली असे म्हणता येणार नाही. आता चोराला एकतर प्रशासकाचे अधिकार मिळवावे लागतात किंवा क्रोमच्याच पोटात आपला कोड घुसवावा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी अँटिव्हायरसच्या नजरेत सहज भरतात. पूर्वी तो फक्त एक फाइल वाचून निघून जाई.

हा धंदा केवढा मोठा आहे, याचा अंदाज मे २०२५ मध्ये आला. ‘लुमा’ या चोरसाधनाविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने कारवाई केली तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितले, की दोनच महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक त्याने बाधित झालेले आढळले. लुमा पासवर्ड, कार्डे आणि वॉलेट सरसकट उचलतो. असे साधन लिहिणारा वेगळा, भाड्याने घेऊन पसरवणारा वेगळा आणि चोरलेला माल विकत घेणारा तिसराच. वॉलेटवाल्याला यांतला एकही ओळखत नसतो.

खासगी साठवणुकीने सगळे सुटते, असे म्हणणे खोटे ठरेल. किल्ली फाइलीत कितीही सुरक्षित असली तरी सही करायच्या क्षणी ती प्रोग्रामच्या स्मृतीत येते. त्याच माणसाचा दुसरा प्रोग्राम ती स्मृती वाचू शकत असेल तर फाइलीची भिंत कामाची नाही. म्हणून लिनक्सच्या काही वितरणांनी एका प्रोग्रामने दुसऱ्याची स्मृती तपासण्यावर बंधन घातले. लिनक्सच्या जुन्या एक्स-विंडो व्यवस्थेत कोणताही प्रोग्राम इतरांच्या खिडकीत टाइप केलेले ऐकू शकतो. वेलँड ही नवी व्यवस्था ते होऊ देत नाही. क्लिपबोर्ड तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांचाच. पत्ता कॉपी करून पेस्ट करताना मधल्या मधे तो बदलणारे मालवेअर वॉलेटला स्पर्शही करत नाही. बिटकॉइनचे पत्ते लांब आणि अर्थहीन. पहिली-शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानणाऱ्याला तेवढी अक्षरे जुळणारा पत्ता देण्याचीही युक्ती चोर करतात.

आणि बॅकअपचे काय? यंत्र मोडले तरी पैसे राहावेत, तर किल्ली त्या खासगी जागेबाहेर कुठेतरी हवीच. २०१३ पासून रूढ झालेल्या पद्धतीत ती २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतल्या बारा किंवा चोवीस शब्दांत लिहून घेतात. कागदावर लिहायचे शब्द लोक स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने ‘स्पार्ककॅट’ उघड केले: गूगल प्ले आणि ॲप स्टोअरवरच्या काही ॲपांत दडलेला कोड, जो फोटोंची परवानगी मागे, चित्रांतली अक्षरे ओळखे आणि वॉलेटच्या शब्दांसारखे काही दिसले की ते चित्र पाठवून देई. गूगल प्लेवरून अशी ॲपे २,४२,००० हून अधिक वेळा उतरवली गेली होती. वॉलेटचा कप्पा इथे अगदी सुरक्षित होता. परवानगी माणसाने दिली, आणि ती सगळ्या फोटोंची एकदम दिली. एकच फोटो निवडून देण्याची सोय, म्हणजे वर सांगितलेली सिस्टीमची खिडकी, आता दोन्ही फोनांवर आहे. ती वापरण्याऐवजी ‘सगळे फोटो’ मागणारे ॲप संशयास्पद मानायला हरकत नाही.

भिंत आणखी जाड करायची तर किल्ली वेगळ्या यंत्रातच ठेवायची. प्रागच्या सातोशीलॅब्जने २०१४ मध्ये ट्रेझर हे छोटे उपकरण विक्रीला आणले, तेव्हापासून ही पद्धत रुळली: किल्ली उपकरणातून कधी बाहेर येत नाही, सही आतच होते, संगणकाकडे फक्त सही जाते. संगणकातच हे करू पाहणारी क्यूब्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. योआना रुतकोवस्का यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालतात आणि किल्ल्या इंटरनेटच नसलेल्या यंत्रात ठेवता येतात. कष्टाळू माणसांसाठी उत्तम. सर्वसामान्यांनी ती वापरावी असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल.

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेव्हा मात्र किल्ल्या चोरीला गेल्याच नाहीत. सह्या करणाऱ्यांनी स्वतःच सह्या केल्या. सेफ या वॉलेटसेवेचे संकेतस्थळ त्यांना एक व्यवहार दाखवत होते आणि सहीला दुसराच जात होता. संकेतस्थळात तो बदल कसा घुसला? सेफच्या एका विकासकाच्या लॅपटॉपवर एका बनावट प्रकल्पाद्वारे मालवेअर आले आणि त्याने क्लाउडच्या खात्याची चालू सेशन टोकन, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारता आत सोडणारे पास, उचलली. म्हणजे जगातली तेव्हाची सर्वांत मोठी क्रिप्टोचोरी सुरू झाली ती पुन्हा तिथेच: एका माणसाच्या लॅपटॉपवर, त्याच्या नावाने चालणाऱ्या एका प्रोग्रामने दुसऱ्याची गुपिते घेण्यातून. एफबीआयने या चोरीचे बोट उत्तर कोरियाकडे दाखवले. जुलै २०२४ मध्ये भारतातल्या वझीरएक्सचे २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे क्रिप्टो गेले, तेही अनेक सह्यांच्या वॉलेटमधून, आणि तिथेही उत्तर कोरियाचेच नाव पुढे आले. मराठी घरांतही त्या खात्यांत पैसे अडकलेली माणसे होती.

शेवटी थोडे व्यवहाराचे, कारण सभेनंतर हेच विचारले जाते. रोजच्या खर्चाएवढी रक्कम ठेवायची तर अद्ययावत, रूट न केलेला (म्हणजे सिस्टीमची बंधने न तोडलेला) फोन हा घरच्या विंडोज संगणकापेक्षा बरा, आणि कारण वर आलेच आहे. मोठी रक्कम वेगळ्या उपकरणात, शब्द कागदावर, पत्ता उपकरणाच्या पडद्यावर पूर्ण वाचून. संगणकावर मालवेअर सापडले तर वॉलेटचा पासवर्ड बदलणे हा उपाय नाही. चोराकडे फाइलीची जुनी प्रत आहे आणि त्या प्रतीला जुनाच पासवर्ड चालतो. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावर नवे वॉलेट, नव्या शब्दांसह तयार करायचे आणि शिल्लक तातडीने तिकडे हलवायची. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता यांसह. ती रक्कम एखाद्या एक्सचेंजवर पोचली तरच कोणाला ती गोठवायला सांगता येते, आणि तिथवर पोचायला चोराला काही तासही पुरतात.